नाव झाकलेल्या तबकड्या

माझे मामा लाऊडस्पीकरवाले होते. लग्न, बारसे, जत्रा, निवडणुकीची सभा आणि चौदा एप्रिल. बोलावणे येईल तिथे सायकलच्या कॅरिअरला मशीन बांधून आणि खांद्याला दोन भोंगे अडकवून ते निघत. तबकड्या ठेवायला त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती. प्रत्येक तबकडीच्या मधल्या गोल लेबलवर खळीने वहीचा कागद चिकटवायचा आणि त्यावर शाईने नंबर घालायचा, ही त्यांची पद्धत. इंग्रजी अक्षर वाचता येत नाही आणि घाईच्या वेळी हवे ते गाणे हाताला लागले पाहिजे, म्हणून ही सोय, असे ते सांगत. पण कारण तेवढेच नव्हते. पलीकडच्या पेठेतला दुसरा लाऊडस्पीकरवाला गप्पा मारायला म्हणून येऊन टेकला, की मामा आधी पेटीचे झाकण लावून घेत. आपल्या पेटीत काय आहे हे त्याला कळले तर पुढची सुपारी त्याची! आम्हा पोरांना गाणी नंबराने पाठ होती. ‘मामा, सतरा नंबर लावा की,’ असे आम्ही म्हणायचो. सतरा नंबर कोणी लिहिले, कोण गायले, हे आम्ही कधी विचारले नाही, आणि विचारले नाही याची खंतही पुढे बरीच वर्षे वाटली नाही.

ही पेटी मला पुन्हा आठवली ती एका वेगळ्याच वाचनात. मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत असे. आमच्या पिढीने काळ्या अमेरिकनांचे साहित्य मोठ्या भुकेने वाचले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने आपले नावच ऑकलंडच्या १९६६ च्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते. रिचर्ड राइट, लँग्स्टन ह्यूज, जेम्स बाल्डविन यांच्यावर आपल्या नियतकालिकांतून लेख आले, तुलना झाल्या, वादही झाले. एकदा तासाला एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, या लोकांची कविता तुम्ही शिकवता. पण सगळे जग तर त्यांच्या संगीतावर नाचते. त्याचे काय?’ मी काहीतरी उडवाउडवीचे उत्तर दिले. खरे कारण असे, की नाच म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फड उभा राहतो, त्या फडात आपल्या बायांची झालेली परवड उभी राहते आणि आपण मान फिरवतो. या मान फिरवण्याला इतिहास आहे, तो मी नाकारत नाही. पण त्यामुळे एका शोषित समाजाने पोटासाठी, आनंदासाठी आणि स्वतःच्या मानासाठी उभे केलेले एक प्रचंड जग आपल्या नजरेआड राहिले. निवृत्तीनंतर मी ते वाचू लागलो, ऐकू लागलो, आणि पहिल्याच पावलाला मला मामांची पेटी भेटली. ती जमैकात होती.

जमैकाची राजधानी किंग्स्टन. १९५० च्या आसपास तेथल्या गरीब वस्त्यांत नाचाला वाद्यवृंद बोलावणे कोणाला परवडत नसे. त्याऐवजी येई ‘साउंड सिस्टिम’. कपाटाएवढे स्पीकर, एक अॅम्प्लिफायर, तबकड्यांची खोकी. मोकळ्या जागेत हे सगळे मांडायचे, तिकीट लावायचे, दारू-जेवण विकायचे. टॉम वाँग नावाचा एक हार्डवेअरचा दुकानदार यातला आरंभीचा माणूस. त्याच्या सिस्टिमचे नाव ‘टॉम द ग्रेट सेबॅस्टियन’. नंतर ड्यूक रीड आला. हा पूर्वी पोलिसात होता, मग दारूचे दुकान चालवी. आणि आला क्लेमेंट डॉड, ज्याला सगळे कॉक्सन म्हणत. डॉड हंगामी शेतमजूर म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेत गेला होता आणि येताना काळ्यांच्या ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’च्या तबकड्या घेऊन आला. मजुरीला गेलेला माणूस गाठोड्यातून काय आणतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांतून गावी येणाऱ्यांच्या ट्रंकेतही कधीकधी गाणी असत.

यातली स्पर्धा नुसत्या आवाजाची नव्हती. दुसऱ्याकडे नाही ती तबकडी आपल्याकडे असणे, हे खरे भांडवल. म्हणून नवी तबकडी हाती आली की हे लोक पहिल्यांदा लेबल खरवडून टाकीत. कोणाचे गाणे, कोणत्या कंपनीचे, काही उरू द्यायचे नाही. वर आपल्याच मनाचे एखादे नाव ठेवायचे. डॉडची अशी एक तबकडी ‘कॉक्सन हॉप’ म्हणून किंग्स्टनभर गाजली. तिच्यावर लोक बेभान नाचत आणि ती दुसऱ्या कोणाकडे मिळत नसे. प्रत्यक्षात ती विलिस जॅक्सन या काळ्या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची होती आणि तिचे नाव होते ‘लेटर फॉर द गेटर’. ड्यूक रीडने शेवटी तिचे मूळ शोधून काढले आणि एका रात्री भर नाचात ती वाजवली. त्या रात्री कॉक्सन कोसळायच्या बेतात होता, असे तेथले जुने लोक सांगत.

ही गोष्ट वाचून मला आधी हसू आले. मग एक प्रश्न पडला आणि हसू गेले. या साऱ्या भांडणात विलिस जॅक्सन कुठे होता? ज्याच्या फुंकीवर किंग्स्टन नाचत होते, त्याचे नाव चाकूने खरवडले गेले होते, आणि खरवडणारा कोणी गोरा मालक नव्हता. तो त्याच्याच रंगाचा, त्याच्यासारख्याच गुलामीच्या इतिहासातून आलेला माणूस होता.

पण इथेच निकाल देऊन थांबता येत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतली हवा बदलली. किंग्स्टनला नाचायला हवे तसे संगीत तिकडून येईनासे झाले. लपवण्याजोग्या तबकड्या संपत आल्या, तेव्हा या लाऊडस्पीकरवाल्यांनी स्वतःच्या तबकड्या करायला घेतल्या. गल्लीतले गायक, बँडातले वादक गोळा केले. यातून ‘स्का’ जन्मला, पुढे रॉकस्टेडी, पुढे रेगे. १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला आणि १९६३ मध्ये डॉडने ‘स्टुडिओ वन’ सुरू केला. काळ्या माणसाच्या मालकीचा तो त्या देशातला पहिला ध्वनिमुद्रण स्टुडिओ म्हणून ओळखला जातो. म्हणजे चोरून ठेवण्याच्या सवयीतूनच निर्मितीची गरज उभी राहिली. मात्र गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना तिथेही एकरकमी मजुरीच मिळे, हक्क मालकाकडे राहत, अशी तक्रार त्यांच्यातल्या अनेकांनी पुढे उघडपणे केली. लेबल आता खरवडले जात नव्हते. त्यावर मालकाचे नाव ठळक छापले जात होते, एवढाच फरक.

किंग्स्टनची ही युक्ती बोटीने नव्हे, विमानाने न्यूयॉर्कला गेली. क्लाइव्ह कॅम्पबेल हा मुलगा १९५५ मध्ये किंग्स्टनला जन्मला आणि १९६७ मध्ये ब्राँक्समध्ये राहायला आला. त्या वेळचे ब्राँक्स म्हणजे भर वस्तीतून हमरस्ता काढून दुभंगलेला, पुढे इमारतीच्या इमारती जळून खाक झालेला भाग. ११ ऑगस्ट १९७३ रोजी त्याच्या बहिणीने, सिंडीने, शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे जमावेत म्हणून आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दालनात नाच ठेवला. पत्ता १५२०, सेजविक अॅव्हेन्यू. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तबकड्या लावायला भाऊ. त्याला सगळे ‘कूल हर्क’ म्हणत. हर्कने पाहिले होते, की गाण्यात गायक थांबतो आणि नुसता ढोल-ताशा उरतो तेवढ्या तुकड्याची नाचणारे वाट पाहतात. मग त्याने एका तबकडीवरून दुसरीवर जात तेच तुकडे लांबवायला सुरुवात केली. आज ज्याला हिप-हॉप म्हणतात, त्याची जन्मतारीख लोक हीच धरतात. (बहिणीचे नाव या गोष्टीत बहुधा मागे पडते. नाच तिचा, हिशेब तिचा, जाहिरातीची कार्डेही तिच्याच खटपटीची, इतिहास भावाचा.)

हा हर्कसुद्धा तबकड्यांची लेबले पाण्यात भिजवून काढून टाकी. नाव लपव, तरच तुझे नाव होईल, अशा अर्थाचा सल्ला आपल्या वडिलांनी दिला होता, असे त्याने सांगितले आहे. किंग्स्टनचे शहाणपण बापाकडून लेकाकडे असे आले.

आता अटलांटिक ओलांडून इंग्लंडात जाऊ, कारण लपवण्याची हीच कला तिथे वेगळ्या हातांत पडली. उत्तर इंग्लंडातील मँचेस्टर, विगन, ब्लॅकपूल, स्टोक या पट्ट्यात गिरणी-खाण-कारखान्यांतल्या गोऱ्या कामगारांच्या मुलांना १९६० च्या दशकातल्या काळ्या अमेरिकन गाण्यांचे वेड लागले. तेही गाजलेल्या गाण्यांचे नव्हे. डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फियातल्या लहानसहान कंपन्यांनी काढलेली, न खपलेली, गोदामात पडलेली गाणी. लंडनचे एक पत्रकार-दुकानदार डेव्ह गोडिन यांनी या आवडीला १९७० च्या सुमारास ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव दिले. सप्टेंबर १९७३ मध्ये सुरू झालेले ‘विगन कॅसिनो’ हे या पंथाचे पंढरपूर. शनिवारी मध्यरात्रीनंतर दारे उघडत, दारू मिळत नसे, पाय घसरावा म्हणून फरशीवर टाल्कम पावडर टाकीत आणि सकाळपर्यंत नाचत. ते डिसेंबर १९८१ मध्ये बंद झाले. आठवडाभर यंत्रापुढे उभे राहिलेल्या मुलांनी दुसऱ्या खंडातल्या कामगारवस्तीचे हरलेले गाणे उचलून डोक्यावर घ्यावे, यात मला एक मोठी माणुसकी दिसते. हे आधी कबूल करून मग पुढचे सांगतो.

तिथले तबकड्या लावणारे अमेरिकेला जाऊन गोदामे धुंडाळत. सापडलेल्या दुर्मीळ तबकडीचे लेबल कागदाने झाकत आणि तिला खोट्या गायकाचे, खोटे शीर्षक देऊन वाजवत. याला ते ‘कव्हर-अप’ म्हणत. फ्रँक विल्सनची कथा यातली सर्वांत प्रसिद्ध. १९६५ मध्ये डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी त्याने ‘डू आय लव्ह यू’ हे गाणे गायले. सुमारे २५० नमुना-प्रती निघाल्या आणि मग गाणे बाजारात न आणता बहुतेक सगळ्या नष्ट केल्या गेल्या. विल्सन गायकी सोडून निर्माता झाला, त्यात त्याचे नाव झाले. पुढे तो धर्मोपदेशक झाला. दहाबारा वर्षांनी उरलेल्या एका प्रतीवरून केलेली नक्कल विगनमध्ये वाजू लागली, पण ‘एडी फॉस्टर’च्या नावावर. गंमत म्हणा की क्रौर्य म्हणा, एडी फॉस्टर हाही खराच एक काळा गायक होता. एकाचे नाव झाकायला दुसऱ्याचे नाव वापरले. विल्सनच्या त्या मूळ तबकडीची एक प्रत २००९ मध्ये पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली आणि २०२० मध्ये एक लाख पौंडांना. तबकडीची किंमत वाढते तेव्हा ती संग्राहकाकडून संग्राहकाकडे जाते. गाणाऱ्याच्या वाट्याला त्यातला एक पैसाही कायद्याने येत नाही.

ग्लोरिया जोन्सचेही तेच. तिने १९६४ मध्ये म्हटलेले ‘टेंटेड लव्ह’ अमेरिकेत पडले. १९७३ मध्ये रिचर्ड सर्लिंग याने ते फिलाडेल्फियात उचलले आणि विगनला ते गाजले. १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या गोऱ्या इंग्रज जोडीने तेच गाणे म्हटले आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. कायदा असा आहे, की गाणे पुन्हा कोणी म्हटले तर पैसे गाणे लिहिणाऱ्याला मिळतात, आधी गाणाऱ्याला नाही. लिहिणारा होता एड कॉब, गोरा. ग्लोरियाच्या गळ्यातून त्या गाण्याला जो जीव आला होता, त्याची नोंद करायला कायद्याच्या वहीत रकानाच नव्हता.

या प्रकाराचे टोक पाहायचे तर वॉशिंग्टनच्या ‘विन्स्टन्स’ या बँडकडे पाहावे. १९६९ मध्ये त्यांची जी तबकडी गाजली, तिच्या मागल्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ नावाचा नुसत्या वाद्यांचा तुकडा होता. त्यात मध्येच सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा काळा ड्रमवादक सहा-सात सेकंद एकटा वाजवतो. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका ठेक्यांच्या संग्रहात हा तुकडा आला. पुढे लंडनच्या ‘जंगल’ संगीताचा सगळा डोलारा या सहा सेकंदांवर उभा राहिला. तो हजारो गाण्यांत कापून जोडला गेला. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला हे १९९६ मध्ये कळले. कोलमन २००६ मध्ये अटलांटात वारला, निर्धन आणि बेघर. २०१५ मध्ये इंग्लंडातल्या काही संगीतप्रेमींनी वर्गणी काढून चोवीस हजार पौंड स्पेन्सरला दिले. वर्गणी देणाऱ्यांची दानत मी कमी लेखत नाही. पण हक्क आणि दान यांतला फरक आपल्याला बाबासाहेबांनी शिकवला आहे.

शिकागोत मात्र ही गोष्ट थोडी वेगळ्या वळणाने गेली. १२ जुलै १९७९ रोजी तेथल्या कोमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर एका रेडिओ निवेदकाने ‘डिस्को’च्या तबकड्या स्फोटाने उडवण्याचा कार्यक्रम ठेवला. एक तबकडी आणा आणि अठ्ठ्याण्णव सेंटात आत या. पन्नास हजारांच्या आसपास लोक लोटले. स्फोटानंतर जमाव मैदानात घुसला, दंगल झाली. मैदानावर प्रेक्षकांना जागा दाखवण्याच्या कामाला व्हिन्स लॉरेन्स हा काळा मुलगा होता. त्या पगारातून त्याला सिंथेसायझर घ्यायचा होता. त्याने पुढे सांगितले आहे, की लोकांनी आणलेल्या कितीतरी तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच, त्या नुसत्याच काळ्या गायकांच्या होत्या. बाबासाहेबांनी महाडला पुस्तक जाळले, तेव्हा त्या पुस्तकाने माणसाला माणूस म्हणण्याचे नाकारले होते. येथे उलटे होते. ज्यांना माणूस म्हणायचे नाही, त्यांचे गाणे जाळले जात होते. जाळणे हे कृत्य सारखे दिसते म्हणून त्याचा अर्थ सारखा होत नाही.

त्याच शहरात १९७७ पासून ‘वेअरहाउस’ नावाच्या नाचघरात ब्राँक्सहून आलेला फ्रँकी नकल्स तबकड्या लावीत होता. तिथे येणारे बहुतेक काळे आणि लॅटिन, त्यातले पुष्कळ समलिंगी. चर्चने, घराने आणि बाकीच्या नाचघरांनीही दूर ठेवलेले. एका दुकानाने ‘वेअरहाउसमध्ये वाजणाऱ्या तबकड्या’ असा फलक खोक्यावर लावला आणि तोंडात बसून बसून त्याचे ‘हाउस’ झाले. जेसी सॉन्डर्स या दुसऱ्या तबकडीवाल्याकडे कोणाकडेच नसलेली एक चोरटी तबकडी होती, तीच त्याची ओळख. ती चोरीला गेली. तेव्हा त्याने आणि मघाच्या त्या व्हिन्स लॉरेन्सने मिळून यंत्राच्या ठेक्यावर स्वतःची तबकडी केली. ‘ऑन अँड ऑन’, १९८४. हाउस संगीताची पहिली तबकडी म्हणून हिचेच नाव घेतात. किंग्स्टनमध्ये घडले तेच पुन्हा घडले: गुपित हातचे गेले आणि माणूस कर्ता झाला.

कर्ता झाला तरी धनी झाला नाही. शिकागोच्या ट्रॅक्स रेकॉर्ड्स या कंपनीने अशी कितीतरी गाणी काढली. जुन्या तबकड्या वितळवून नव्या छापायच्या, हा त्यांचा काटकसरीचा मार्ग होता. सुई ठेवली की आधीची खरखर ऐकू येते. लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स या दोघांनी आपल्याला मानधन मिळाले नाही, हक्क बळकावले गेले, म्हणून २०२० मध्ये या कंपनीवर दावा लावला. २०२२ मध्ये तडजोड झाली आणि त्यांची गाणी त्यांच्या मालकीची झाली. पस्तीस वर्षांहून अधिक काळ गेला, पण ही वर्गणी नव्हती. फ्रँकी नकल्सचे नाव तर २००४ मध्येच त्या जुन्या नाचघराच्या रस्त्याला दिले गेले. ज्यांनी एका विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत घरे जळताना पाहिली, त्यांना रस्त्याच्या पाटीवरचे नाव क्षुल्लक वाटणार नाही.

हे सगळे वाचताना मला वारंवार वाटत राहिले, की आपल्या जुन्या माणसांना हा धोका फार पूर्वी कळला होता. चोखोबांनी आपले नाव अभंगाच्या बाहेर ठेवलेच नाही. शेवटच्या चरणात ओवून टाकले. शाहिरांनी तीच रीत चालवली आणि वामनदादा कर्डकांपर्यंत ती आली. त्या काळी लेबल नव्हते, कंपनी नव्हती, कायदा तर नव्हताच. गाणे तोंडोतोंडी जाणार आणि वाटेत कोणीतरी नाव पुसणार, हे धरूनच त्यांनी नाव अशा जागी ठेवले, की ते काढायचे तर गाणेच मोडावे लागेल. याला आपण भक्तीची नम्र रीत म्हणत आलो. मला आता त्यात सावधपणाही दिसतो. पण या रीतीत एक भोक आहे. तिने कवी वाचतो. गाणारा, ढोलकीवाला, मागे झिलकरी धरणारा वाचत नाही. कोलमनसारख्या ड्रमवाल्याला तर शेवटचा चरणच नसतो.

मामा गेले त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. कॅसेट आल्यावर पेटी माळ्यावर गेली होती, ती मी मागून आणली. एकेचाळीस तबकड्या निघाल्या, सहा फुटलेल्या. ओल्या फडक्याने कागद भिजवून हळूहळू सोडवायला मला दोन उन्हाळे लागले. काही लेबले स्वच्छ उघडी झाली. सिनेमाची गाणी, दोन वग, एक पोवाडा, काही भीमगीते. काही लेबले मात्र मामांच्या खळीबरोबरच निघून आली. सतरा नंबरची त्यातलीच. कागद हातात आला, त्यावर मामांच्या वळणाचा ‘१७’, आणि मागे चिकटून आलेला लाल लगदा.

भाच्याने ती संगणकावर उतरवून दिली. बाईचा आवाज आहे, किंचित घोगरा, वरच्या पट्टीत फाटतो आणि तरी ती तो सोडत नाही. सोबत ढोलकी, पेटी, आणि मागे दोन-तीन पुरुषांचे झिलकरी. शेवटच्या कडव्यात कवीचे नाव येते, ते स्पष्ट ऐकू येते. बाईचे नाव कुठेच नाही. लेबलच्या कडेला लाखेतच उठवलेला एक क्रमांक मात्र शाबूत आहे. तो मी वहीत उतरवून घेतला आहे आणि जुन्या तबकड्या राखणाऱ्या तिघांना लिहून पाठवला आहे. दोघांची उत्तरे आली, त्यांच्या याद्यांत तो नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी माळ्यावर अशी पेटी असेल, तर तिच्यातल्या तबकड्यांची लेबले आणि लाखेवरचे क्रमांक दोन्ही उतरवून कळवावेत. माझ्याकडच्या पस्तीस तबकड्यांची यादी मी मागेल त्याला देईन.